चार पर्यायांचं कोडं आणि उगाच बदनाम झालेला स्वसंदर्भ

‘या प्रश्नाचं उत्तर तुम्ही डोळे मिटून निवडलंत, तर ते बरोबर असण्याची शक्यता किती? (अ) २५% (ब) ५०% (क) ६०% (ड) २५%.’

हे कोडं बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्याखालचं स्पष्टीकरणही ठरलेलं: प्रश्न स्वतःबद्दलच बोलतो, म्हणून विरोधाभास होतो. कोडं झकास आहे, पण स्पष्टीकरण पटण्यासारखं नाही.

आधी हिशोब करू. २५% बरोबर मानलं, तर ते दोन ठिकाणी आहे, म्हणजे शक्यता ५०%. ५०% मानलं, तर ते एकाच ठिकाणी, म्हणजे २५%. ६०%चंही तेच. आता ०% मानून बघा. ते यादीत नाहीच, म्हणजे शक्यता खरोखर शून्य! उत्तर आहे, फक्त पर्यायांत नाही. म्हणजे हा विरोधाभास नव्हे, पेपर काढणाऱ्याची चूक.

आता (क)मध्ये ६०% खोडून ०% लिहा. ०% बरोबर मानलं की ते एका ठिकाणी सापडतं, शक्यता २५% होते. कुठलंच उत्तर टिकत नाही. हा खरा विरोधाभास, ‘हे वाक्य खोटं आहे’ याच्या जातीचा.

तिसरी यादी घ्या: २५, ५०, ५०, ६०. इथे २५% टिकतं, ५०% टिकतं आणि यादीबाहेरचं ०%सुद्धा टिकतं. ‘हे वाक्य खरं आहे’ याचंही असंच: खरं धरा की खोटं, अडत काहीच नाही.

तिन्हींत स्वसंदर्भ सारखाच आहे. फरक एवढाच, की उत्तर हिशोबात घातल्यावर तेच परत येतं का, आणि अशी उत्तरं किती. अशा उत्तराला गणितात स्थिरबिंदू म्हणतात. सॉल क्रिप्कीने १९७५च्या निबंधात सत्याची मांडणी याच कल्पनेवर उभी केली. त्याचा मुद्दा असा, की वाक्य विरोधाभासी ठरणं कधीकधी बाहेरच्या वस्तुस्थितीवर अवलंबून असतं. नुसतं वाक्य बघून ते कळत नाही. आपल्या कोड्यात ही वस्तुस्थिती म्हणजे पर्यायांची यादी.

शिवाय गोडेलने १९३१मध्ये स्वसंदर्भ वापरूनच अपूर्णतेचं प्रमेय सिद्ध केलं, विसंगती न येऊ देता. उलट स्टीफन याब्लोने १९९३मध्ये वाक्यांची अनंत रांग मांडली. त्यातलं प्रत्येक वाक्य म्हणतं, ‘माझ्यानंतरची सगळी वाक्यं खोटी आहेत.’ स्वतःबद्दल कुणीच बोलत नाही, तरी विरोधाभास होतो. (यातही छुपा स्वसंदर्भ आहे, असं ग्रॅहम प्रीस्टचं म्हणणं, तो वाद वाचण्यासारखा आहे.)

कोड्यातही एक उणीव आहे. ‘डोळे मिटून’ म्हणजे चारही पर्यायांना समान संधी, हे आपण गृहीत धरतो. प्रश्नात तसं लिहिलेलं नाही. (क) निवडण्याची शक्यता ६०% ठेवलीत, तर ‘६०%’ हे उत्तर आरामात बसतं! संभाव्यतेतली बरीच कोडी अशाच न सांगितलेल्या गृहीतकावर उभी असतात.

संशोधनाकडे वळणाऱ्यांनी यातून एक सवय उचलावी. ‘इथे स्वसंदर्भ आहे’ हे नुसतं निरीक्षण झालं, कारण नव्हे. कारण सांगायचं तर एकेक आकडा बदला आणि काय मोडतं ते बघा. जे स्पष्टीकरण तिन्ही याद्यांना सारखंच लागू पडतं, ते त्यांतला फरक समजावू शकत नाही.