जोसेफ हॅन्सन आणि अमेरिकन रहस्यकथेतला समलिंगी नायक

अमेरिकन रहस्यकादंबरीत समलिंगी पात्रे फार आधीपासून होती, पण त्यांच्या वाट्याला दोनच भूमिका येत: खलाची किंवा बळीची. डॅशिएल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’मधला (1930) जोएल कैरो किंवा रेमंड चॅंडलरच्या ‘द बिग स्लीप’मधला (1939) गायगर यांचा समलिंगीपणा त्यांच्या गुन्हेगारीचाच भाग असल्यासारखा रंगवला गेला. न्यायाची बाजू मात्र नेहमी कणखर, स्त्रियांकडे ओढल्या जाणाऱ्या पुरुषाकडे असे. 1966 मध्ये जॉर्ज बॅक्स्टने ‘अ क्विअर काइंड ऑफ डेथ’मध्ये फॅरो लव्ह हा कृष्णवर्णीय समलिंगी पोलीस आणून हा साचा मोडला, पण त्या कादंबरीचा सूर नटव्या विनोदाचा होता. तपास करणारा समलिंगी आहे ही साधी वस्तुस्थिती मानून गंभीर कादंबरीमालिका उभी केली ती जोसेफ हॅन्सनने.

हॅन्सनचा जन्म 19 जुलै 1923 रोजी साउथ डकोटातील अ‍ॅबर्डीन येथे झाला. मंदीच्या काळात कुटुंब मिनियापोलिसला आणि तिथून कॅलिफोर्नियाला गेले. त्याने 1943 मध्ये जेन बॅंक्रॉफ्टशी लग्न केले. हॅन्सन स्वतः समलिंगी होता आणि तीही समलिंगी होती. दोघांचा संसार 1994 मध्ये तिच्या निधनापर्यंत टिकला. सुरुवातीला त्याने कविता लिहिल्या. पुढे साठच्या दशकात ‘जेम्स कोल्टन’ या टोपणनावाने स्वस्त कागदी बांधणीच्या कादंबऱ्या लिहून लेखणीला धार आणली. ‘वन’ आणि पुढे ‘टॅंजंट्स’ या समलिंगींच्या नियतकालिकांत तो काम करत होता. 1970 च्या हॉलीवूडमधील पहिल्या समलिंगी अभिमान मिरवणुकीच्या आखणीतही त्याचा हात होता. तरी ‘गे’ हा शब्द त्याला रुचला नाही. तो स्वतःला ‘होमोसेक्शुअल’च म्हणवत असे.

1970 मध्ये ‘फेडआउट’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक डेव्ह ब्रॅंडस्टेटर वडिलांच्या आयुर्विमा कंपनीत संशयास्पद मृत्युदाव्यांचा तपास करतो. ही निवड धूर्तपणाची होती. पोलीस ‘कोणी मारले’ एवढे विचारतात, तर विमा-तपासनीसाला वारस कोण, घरात कोणाचे कोणाशी पटत नव्हते, मृताने काय लपवले होते, हे सगळे विचारावे लागते. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाची वाट कुटुंबाच्या आतल्या खोल्यांत जाते, आणि प्रतिष्ठेसाठी झाकलेले सत्य माणसाचा जीव कसा घेते, हे हॅन्सन पुन्हा पुन्हा दाखवतो. डेव्हला स्वतःबद्दल लपवण्यासारखे काही नाही. म्हणूनच इतरांची लपवाछपवी त्याला चटकन दिसते. ‘फेडआउट’मध्ये तो दीर्घकाळच्या साथीदाराच्या मृत्यूच्या दुःखात आहे, आणि हे दुःख कोणत्याही विधुराच्या दुःखाइतके साधेपणाने लिहिले आहे.

मालिकेत एकूण 12 कादंबऱ्या आहेत. ‘ट्रबलमेकर’ (1975) समलिंगी बारच्या मालकाच्या खुनाभोवती, तर ‘द मॅन एव्हरीबडी वॉज अफ्रेड ऑफ’ (1978) एका दांडग्या पोलीसप्रमुखाच्या खुनाभोवती फिरते. वडिलांच्या मृत्यूनंतर डेव्ह स्वतंत्रपणे काम करू लागतो. ‘नाइटवर्क’मध्ये (1984) विषारी औद्योगिक कचऱ्याची चोरटी वाहतूक आहे, ‘अर्ली ग्रेव्हज’मध्ये (1987) एड्सग्रस्त तरुणांचे खूनसत्र. सेसिल हॅरिस या कृष्णवर्णीय वार्ताहराशी डेव्हचे नाते जुळते, आणि त्यातून वर्णद्वेषाचा प्रश्नही आपोआप कथेत येतो. या सगळ्यात डेव्ह म्हातारा होत जातो, थकतो, आणि ‘अ कंट्री ऑफ ओल्ड मेन’मध्ये (1991) मरतो. वय न वाढणाऱ्या गुप्तहेरांच्या परंपरेत हे धाडस वेगळे उठून दिसते.

हॅन्सनची वाक्ये आखूड आहेत, निवेदन कोरडे. दक्षिण कॅलिफोर्नियाचे ऊन, पाऊस, टेकड्या, घरांची रचना यांचे वर्णन तो तपासनीसाच्याच नजरेने करतो. मर्यादाही आहेत. नंतरच्या कादंबऱ्यांत ज्वलंत सामाजिक विषय कधी कधी रहस्यापेक्षा वरचढ होतो, बऱ्याच संशयितांच्या भेटी एकाच ठरावीक क्रमाने घडतात, आणि काही स्त्रीपात्रे कडवट आई किंवा फसवलेली पत्नी यापलीकडे जात नाहीत.

त्याने उघडलेल्या वाटेने पुढे अनेकजण गेले. रिचर्ड स्टीव्हन्सनने ‘डेथ ट्रिक’पासून (1981) ऑल्बनीतला खाजगी गुप्तहेर डोनाल्ड स्ट्रेची उभा केला. कॅथरीन फॉरेस्टने ‘अमॅच्युअर सिटी’मध्ये (1984) लॉस एंजेलिस पोलीस दलातली समलिंगी स्त्री-अधिकारी आणली. मायकेल नाव्हाचा वकील हेन्री रिओस (1986 पासून) मेक्सिकन वंशाचा आहे; त्यामुळे वंश, वर्ग आणि लैंगिकता हे तिन्ही धागे त्याच्यात एकत्र येतात. जॉन मॉर्गन विल्सनच्या ‘सिंपल जस्टिस’ला (1996) पदार्पणाच्या कादंबरीसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला, म्हणजे रहस्यकथेच्या मुख्य वर्तुळानेही समलिंगी नायक स्वीकारला.

पुढे समलिंगी साहित्याची वाचकसंस्कृती जपणारी पुस्तकांची खास दुकानेच बंद पडू लागली. न्यूयॉर्कचे ऑस्कर वाइल्ड बुकशॉप 2009 मध्ये बंद झाले. तरीही परंपरा तुटली नाही. लेव्ह रोझेनची ‘लॅव्हेंडर हाउस’ (2022) 1952 च्या सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणजे हॅन्सनच्या नायकालाही उघडपणे वावरता आले नसते अशा काळात जाते. खुद्द हॅन्सनची दखल त्याच्या हयातीतच घेतली गेली होती: 1992 मध्ये अमेरिकेतील खाजगी गुप्तहेरकथा-लेखकांच्या संघटनेने त्याला जीवनगौरव पुरस्कार दिला. 24 नोव्हेंबर 2004 रोजी लगूना बीच येथे तो मरण पावला.