चार रकान्यांतून उगवणारं झाड

सॉफ्टवेअर तयार झालं की त्यामागचे हात दिसेनासे होतात. वापरणाऱ्यासमोर बटणं असतात, लिहिणाऱ्यासमोर आजचा कोड असतो. पण कोण कधी आलं, कुणी काय उभारलं, कुणी काय पाडलं, हे कमिटच्या, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाच्या, नोंदींत पडून राहतं. अँड्र्यू कॉडवेल यांनी २००९ साली लोकांसमोर आणलेलं ‘गोर्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्या नोंदींचं चलच्चित्र करतं. ते उपयोगी आहेच, पण मला ते कलाकृतीसारखं वाचावंसं वाटतं. त्याचं सौंदर्य काय दाखवायचं आणि काय गाळायचं, या निवडीत आहे.

काळ्या पडद्याच्या मध्यभागी प्रकल्पाचं मूळ फोल्डर. त्यातून आतल्या फोल्डरांच्या फांद्या फुटतात आणि टोकांना फाइलींचे ठिपके लागतात. एका प्रकारच्या फाइलींचा रंग एकच. या झाडाभोवती माणसं तरंगत असतात, प्रत्येकाजवळ त्याचं नाव. कुणी फाइलीला हात लावला की त्याच्याकडून तिकडे किरण जातो: नवी फाइल असेल तर हिरवा, बदल असेल तर नारिंगी, काढून टाकली असेल तर लाल. काम थांबलं की माणूस विरून जातो आणि पुन्हा कमिट केलं की परत उमटतो.

हे सगळं उभं राहतं ते फक्त चार रकान्यांवर: वेळ, नाव, कृती आणि फाइलीचा पत्ता. कोडचं एक अक्षरही गोर्स वाचत नाही. आशय पूर्ण बाजूला ठेवून केवळ कृतींवर चित्र उभं करण्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो. सी भाषेची ओळख नसलेला माणूसही हा इतिहास पाहू शकतो, तो यामुळेच.

मांडामांड सोपी आहे. उबंटूवर ‘ॲप्ट’ने किंवा मॅकवर ‘ब्रू’ने गोर्स बसवायचं, टर्मिनलमध्ये प्रकल्पाच्या फोल्डरात जायचं आणि गोर्सचं नाव टाइप करायचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते लय ठरवण्याचं. मुळात एका दिवसाला दहा सेकंद दिलेले असतात. रोज कमिट होणाऱ्या प्रकल्पाचं एक वर्ष पाहायला तास लागेल. ‘सेकंड्स पर डे’ हा पर्याय ०.१ केला की तेच वर्ष सुमारे ३६ सेकंदांत सरतं. विलंबितात एकेका माणसाचं काम कळतं, द्रुतात झाडाचा आकार कळतो. एकच राग, पण ऐकू येतं ते वेगळं. दुसरी काळजी नावांची. एकच माणूस दोन वेगळ्या नावांनी कमिट करत असेल, तर पडद्यावर दोन माणसं होतात; प्रकल्पात नावं जुळवणारी ‘मेलमॅप’ची फाइल नीट ठेवली की ती एक होतात.

अशा कमिटच्या नोंदी ठेवणारं एक सॉफ्टवेअर म्हणजे गिट. आता स्वतः गिटचाच इतिहास लावून पाहू. लिनक्स कर्नलच्या नोंदींसाठी वापरात असलेल्या बिटकीपर या सॉफ्टवेअरची मोफत सोय २००५मध्ये बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. ७ एप्रिलच्या पहिल्या कमिटमध्ये अकरा फाइली आहेत आणि फोल्डर एकही नाही. म्हणून पहिलं दृश्य अगदी साधं: मध्यभागी ठिपक्यांचा एक पुंजका, त्यातले आठ सी भाषेच्या फाइलींचे, एकाच रंगाचे, आणि शेजारी एकटा माणूस. पाहता पाहता भोवती नावं दाटतात. दस्तऐवजांची फांदी फुटते, चाचण्यांची फांदी फुटते आणि चाचण्यांचा घोस इतका फुगतो की कामातली शिस्त डोळ्यांना दिसू लागते.

मग येतो २२ फेब्रुवारी २०१०. टोरवाल्ड्स यांच्या आकृतीपासून लाल किरणांचा मारा होतो, मध्यभागचे ठिपके भराभर विझतात, आणि त्याच क्षणी हिरव्या किरणांनी एक नवी फांदी फुलते. प्रलय वाटावा असं हे दृश्य. कमिट उघडून पाहिलं तर कारण घरगुती निघतं: ‘बिल्टइन’ने सुरू होणाऱ्या फाइली त्याच नावाच्या फोल्डरात हलवल्या, म्हणजे वरचं फोल्डर आटोपशीर होईल आणि टॅब दाबून नाव पुरं करणं सोयीचं जाईल. गोर्स नामांतर ओळखत नाही; त्याच्या लेखी ते एक मरण आणि एक जन्म. पण त्या भडकपणामुळेच नजर तिथे थांबते आणि आपण नोंद उघडतो.

गाळलेल्या गोष्टीही याच डोळसपणे वाचायला हव्यात. एका ओळीचा बदल आणि हजार ओळींचा बदल, दोन्हींचा किरण सारखाच. मर्ज, म्हणजे वेगवेगळ्या वाढलेल्या कामांची जोडणी, हीही इथे दिसत नाही. पॉल मॅकेरस यांचा ‘गिटके’ हा इतिहास दाखवणारा प्रोग्रॅम स्वतंत्र वाढला आणि जून २००५मध्ये गिटमध्ये मिसळला. तरी पडद्यावर तो मे महिन्यापासूनच त्या झाडावर आहे. सर्वांत मोठी उणीव जुनिओ हामानो यांच्याबाबतीत आहे. जुलै २००५पासून गिटची देखभाल तेच करतात. इतरांनी पाठवलेले पॅच, म्हणजे बदलांचे प्रस्ताव, वाचणं, परत पाठवणं, निवडणं, जोडणं हे त्यांचं रोजचं काम. गोर्स मात्र किरण लेखकाच्या नावावर टाकतो. हामानो यांनी स्वतः लिहिलेलं दिसतं, इतरांसाठी वाचलेलं दिसत नाही.

तरीही या उणिवांनी गोर्सचं मोल मला कमी वाटत नाही. कामाचं वजन सांगण्याचा त्याचा दावाच नाही. काम अनेकांनी मिळून, वर्षानुवर्षं केलं, एवढं ते निःसंशय दाखवतं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला आपण हवापाण्यासारखं गृहीत धरतो, तेव्हा एवढं दिसणंही थोडं नाही. ज्यांच्या हाती एखादा प्रकल्प आहे त्यांनी तो गोर्समध्ये जरूर लावून पाहावा, नव्या सहकाऱ्याला शेजारी बसवून पाहावा. जिथे लाल-हिरव्याची झड दिसेल तिथे थांबवावं, तारीख टिपावी आणि त्या दिवसाचं कमिट उघडावं. आणि जे पॅच तपासत, जोडत राहिले पण पडद्यावर आले नाहीत, त्यांची नावं आपण सांगावीत.