लष्करी कारकुनाची कैफियत

रणांगणावरील पराक्रमाच्या कथांस वाचकांची वाण कधी पडत नाही. परंतु बंदूक झाडणाऱ्यांच्या पाठीशी अन्न रांधणारे, कोठार सांभाळणारे व कागद खरडणारेही असतात, आणि त्यांच्या आठवणी वाङ्मयात क्वचितच उतरतात. त्यातही जो कायद्याच्या सक्तीने भरती झाला व ज्याने शत्रू दुरूनही पाहिला नाही, त्याने सांगावे तरी काय? डेव्हिड लॉज ह्या इंग्रज लेखकाची ‘जिंजर, यू आर बार्मी’ (१९६२) ही कादंबरी ह्या प्रश्नास उत्तर देते. म्हणून तिचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दुसरे महायुद्ध संपल्यावरही ब्रिटनने सक्तीची भरती चालू ठेवली होती. १९५० पासून तिची मुदत दोन वर्षांची झाली. शेवटचे शिपाई १९६३ साली घरी परतले. त्यांपैकी काही कोरियात, मलायात व सायप्रसमध्ये लढले, तर पुष्कळांनी मायदेशीच्या छावण्यांत दिवस मोजले. लॉज हे दुसऱ्या वर्गातले. १९५५ साली पदवी पदरात पडताच ते चिलखती दलात दाखल झाले. यॉर्कशायरातील कॅटरिक येथे कवायत शिकले आणि पुढे डॉर्सेटमधील बोव्हिंग्टनच्या छावणीत कारकून झाले.

कादंबरीतील निवेदक जोनाथन ब्राउन हाही असाच सुशिक्षित कारकून. त्याचा मित्र माइक ब्रेडी तापट व अन्यायाची चीड असलेला. त्यांच्याबरोबर पर्सी नावाचा एक दुबळा, भाविक मुलगा असतो. कॉर्पोरल त्याचा छळ करतो आणि एके दिवशी चांदमारीच्या मैदानावर त्या मुलाचा गोळीने अंत होतो. माइक पेटून उठतो व तुरुंगात जातो. जोनाथन मात्र आपल्या टेबलाशी सुखाने बसतो आणि पुढे माइकच्याच प्रेयसीशी लग्न करतो.

लेखकाने सेवेचे पहिले आठवडे व अखेरचे दिवस आलटून पालटून मांडले आहेत, ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. पहिल्या भागात बुटांना तासन्‌तास पॉलिश करणारा, अपमानाने जळणारा तरुण दिसतो; दुसऱ्यात तोच तरुण त्या जगात घर करून राहिलेला. ह्या दोहोंमध्ये त्याने काय गमावले, हे लेखक सांगत नाही. वाचकासच ते मोजावे लागते. लढाईत प्राण जातात, हे उघडच आहे. येथे जाते ती चीड, आणि ती केव्हा गेली हे जाणाऱ्यासही कळत नाही.

तथापि आयरिश क्रांतिकारकांच्या छाप्याचे कथानक आम्हांस पटले नाही. बुटांच्या पॉलिशने जे साधले होते, त्यास बंदुकांच्या धडाक्याची गरज नव्हती. लॉज ह्यांनी ‘क्वाइट अ गुड टाइम टु बी बॉर्न’ (२०१५) ह्या आत्मचरित्रात ह्याच दोन वर्षांची हकीकत सरळपणे दिली आहे. ती वाचनीय आहे खरी. परंतु स्वतःविषयी बोलताना माणूस जितका कठोर होत नाही, तितका तो कल्पित निवेदकाच्या आडून होऊ शकतो, हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवल्यास ध्यानात येते.

आमच्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. पण खर्डेघाशी आमच्या घराघरांतून मुरलेली आहे. साहेबाचा अन्याय दुसऱ्यावर होत असता मान खाली घालून रकाने भरणारा मनुष्य ओळखण्यास आम्हांस कॅटरिकला जावे लागत नाही. ही कादंबरी मुलांच्या हाती अवश्य द्यावी. आणि वडीलधाऱ्यांनी ती प्रथम स्वतः वाचावी.