आयलीन बार्कर यांचे नवधार्मिक पंथविषयक संशोधन : बळ आणि मर्यादा

एखादी तरुण व्यक्ती शिक्षण व कुटुंब सोडून अपरिचित पंथात जाते, तेव्हा तो निर्णय तिचा असतो की तिच्यावर लादलेला? १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये हा प्रश्न प्रामुख्याने सन म्यूंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चसंदर्भात विचारला गेला. अनेक पालकांचे व वृत्तपत्रांचे उत्तर ‘ब्रेनवॉशिंग’ हे होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांची कीर्ती या उत्तराच्या तपासणीवर उभी आहे.

संशोधनाचे निमंत्रण चर्चनेच दिले होते. मुलाखतींसाठी व्यक्तींची निवड चर्चच्या हाती राहू नये, म्हणून बार्कर यांनी सदस्यांची संपूर्ण यादी मागितली. केंद्रांतील वास्तव्य, दीर्घ मुलाखती आणि प्रश्नावल्या यांच्या आधारे सिद्ध झालेला ‘द मेकिंग ऑफ अ मूनी’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे खरे बळ पंथात न गेलेल्यांच्या अभ्यासात आहे. १९७९ मध्ये लंडन परिसरातील निवासी शिबिरांना सुमारे एक हजार जण आले. त्यांपैकी सुमारे ९० टक्के सदस्य झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांतील बहुसंख्य दोन वर्षांत स्वेच्छेने बाहेर पडले. शिबिरातील तंत्र अप्रतिकार्य असते, तर असे घडले नसते. केवळ सदस्यांशी किंवा केवळ माजी सदस्यांशी बोलून हा निष्कर्ष हाती लागला नसता. नमुनानिवड शिकविताना याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९८८ मध्ये ब्रिटिश गृहखात्याच्या व प्रमुख चर्चसंस्थांच्या पाठिंब्याने बार्कर यांनी ‘इन्फॉर्म’ ही माहितीसंस्था स्थापन केली. पंथविरोधी गटांना तिची तटस्थता सौम्यपणा वाटली. चर्चपुरस्कृत परिषदांचा खर्च चर्चकडून स्वीकारल्याबद्दलही बार्कर यांच्यावर टीका झाली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि तेवढ्याने १९७९ ची आकडेवारी खोटी ठरत नाही.

अधिक गंभीर मर्यादा प्रश्नाच्या मांडणीत आहे. ग्रंथाचा भर प्रवेशाच्या निर्णयावर आहे. प्रवेशानंतर वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या देणग्या आणि पंथातच जन्मलेली मुले यांचा उलगडा त्यातून होऊ शकत नाही. जपानमध्ये जुलै २०२२ मध्ये शिंझो आबे यांची हत्या झाली. आरोपीने आईच्या देणग्यांमुळे कुटुंब उद्ध्वस्त झाल्याचे कारण सांगितले आणि दुसऱ्या पिढीचा प्रश्न ऐरणीवर आला. मार्च २०२५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने तेथील चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला. दुसऱ्या पिढीकडे बार्कर यांनी नंतरच्या लेखनात लक्ष वेधले, हे खरे. मात्र ज्या कसोटीने त्यांना मान्यता मिळाली, ती येथे लागू पडत नाही : शिबिराला यावे की न यावे, हा पर्याय या मुलांपुढे कधी नव्हताच.