धरण बांधणारे निर्माते

खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या लहान प्रतिकृती बांधतात, त्यांतून पाणी सोडतात आणि भिंत-सांडवा कसे वागतात ते पाहतात. पुण्यात 'प्रभात' या चित्रपटसंस्थेच्या कारागिरांनीही एक धरण उभारले होते, पण फोडण्यासाठी. 1941 च्या 'शेजारी'त केशवराव दाते आणि गजानन जहागीरदार यांनी रंगवलेले दोन दुरावलेले मित्र त्या फुटत्या भिंतीवरच पुन्हा एकत्र येतात. पुढे 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. सिनेमात भविष्यवाणी शोधणाऱ्यांनी ती खुशाल शोधावी. मला मात्र त्या खोट्या धरणाचा खर्च कोणी आणि कशाच्या बळावर केला, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

'शेजारी'चे श्रेय आपण व्ही. शांताराम यांना देऊन मोकळे होतो. दिग्दर्शक म्हणून ते त्यांचेच आहे. पण असले धरण दिग्दर्शकाच्या मनात येणे वेगळे आणि सुतार, रंगारी, छायाचित्रकार, रसायनशाळा हे सगळे एकाच आवारात हजर असणे वेगळे. ती व्यवस्था उभी करणाऱ्यांत विष्णुपंत दामले होते. त्यांच्यावर मात्र आपल्याकडे फार कमी लिहिले जाते. पेणला 1892 साली जन्मलेला हा माणूस बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडला. 1929 साली शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी कोल्हापुरात 'प्रभात' काढली. बोलपट आला तेव्हा ध्वनिमुद्रणाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली आणि तीनच वर्षांनी फत्तेलालांसह त्यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मुंबईच्या सेंट्रलमध्ये तो वर्षभराहून अधिक चालला, व्हेनिसमध्येही गौरवला गेला. यंत्र उघडून पाहणारा माणूसच इथे मालक होता. निर्माता म्हणजे पैसे घालणारा, ही समजूत दामल्यांपुढे टिकत नाही.

वितरणाच्या बाजूला 'फेमस'चे बाबूराव पै होते, म्हणजे कल्पनेपासून तिकीटखिडकीपर्यंतची साखळी ओळखीच्या हातांत होती. मात्र 'प्रभात'चा देव्हाराही करू नये. घर भागीदारांच्या समजुतीवर उभे होते. शांताराम 1942 मध्ये बाहेर पडले, दामले 1945 मध्ये गेले आणि पुढच्या दहा वर्षांत कंपनीचा कारभार आटोपला. माणसांमागे टिकेल अशी संस्था त्यांनाही बांधता आली नाही.

आजचा मराठी निर्माता बहुधा एका चित्रपटापुरता येतो. कॅमेरा भाड्याचा, संकलन बाहेर, वितरण तिसऱ्याकडे, आणि मल्टिप्लेक्समध्ये सकाळी अकराचा खेळ मिळाला तरी समाधान. 'श्वास' किंवा 'कोर्ट'सारखे सुवर्णकमळ मिळवणारे चित्रपट अशाच वैयक्तिक धाडसांतून झाले. त्यांच्या कसाबद्दल वाद नाही. पण त्या धाडसातून दुसऱ्याला वापरता येईल असे काय उरले, तर फारसे काही नाही. 'सैराट' (2016) गावोगाव पोहोचला तेव्हा नागराज मंजुळे यांच्या पाठीशी झी होती, म्हणजे वाहिनी, संगीत, जाहिरात आणि वितरण एका छत्राखाली. साखळी पुन्हा जुळली, पण तिचे टोक आता वाहिनीच्या कार्यालयात आहे. कोणता विषय चालेल याचा निर्णयही तिथेच होतो, आणि म्हणून एक चित्रपट गाजला की त्याच्या पाठोपाठ तसेच पाच येतात.

'प्रभात'च्या जागेत 1960 पासून सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था आहे. तिथे दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी शिकलेले कितीतरी जण मराठीत काम करतात. निर्मितीचा हिशेब, हक्क आणि वितरण मात्र बहुतेकांना पहिल्या चित्रपटातला तोटाच शिकवतो. राज्याचे अनुदानही तयार झालेल्या एकेका चित्रपटाचे गुण पाहून मिळते. त्यातला काही भाग सलग तीन चित्रपट करू पाहणाऱ्या निर्मितीसंस्थेसाठी, पहिला पडला तरी न थांबवता, राखून ठेवायला काय हरकत आहे?