अफजलखानवधाच्या चर्चेतील ‘पहिला वार’

अफजलखानवधाच्या चर्चेला मराठी इतिहासलेखनात व वाङ्मयात एक विशिष्ट वळण लागलेले आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखालच्या शामियान्यात पहिला वार खानाने केला की शिवाजीमहाराजांनी, या एका प्रश्नाभोवती ती दीर्घकाळ फिरत राहिली. वार खानाचा ठरला की महाराज निर्दोष, महाराजांचा ठरला की विश्वासघात, असा जणू निर्णयाचा नियमच होऊन बसला. या नियमाची परीक्षा मात्र फारशी झालेली नाही. प्राणघातक बळाचा उपयोग केव्हा न्याय्य ठरतो हा मूळ प्रश्न आहे. पहिल्या वाराचा प्रश्न त्याचा एक अंश होय. अंशालाच पूर्ण मानल्यामुळे या चर्चेत जो घोटाळा झाला, तो साधनग्रंथांत नसून त्यांच्या वाचनात आहे.

प्रथम साधनांचा विचार करावा. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराममहाराजांच्या काळात, प्रसंगानंतर पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, आपली बखर लिहिली. तिच्यातील भेटीचे वर्णन सुपरिचित आहे. खानाने महाराजांची मुंडी बगलेत धरून कुशीत जमदाड चालविली. अंगातील चिलखतामुळे ती खरखरली. मग महाराजांनी वाघनख व बिचवा यांनी उलट वार केला. एवढ्यावरून पाहिले तर हे शुद्ध आत्मरक्षण होय. परंतु त्याच बखरीत, भेटीच्या कितीतरी आधी, तुळजापूरची भवानी महाराजांना दर्शन देते व खानाचा वध त्यांच्या हातून होईल असे सांगते. म्हणजे वधाचा संकल्प आधी व आघात नंतर, अशी सभासदाची मांडणी आहे. खानाने तुळजापूरच्या देवीला केलेल्या उपद्रवाची हकीकत या दोहोंच्याही मागे उभी आहे.

येथे सभासदाची विसंगती दाखवून थांबणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. त्याने एकाच कृत्याचे दोन स्वतंत्र आधार दिले आहेत. एक देवकार्याचा, दुसरा स्वसंरक्षणाचा. पहिल्या आधाराला खानाच्या वाराची गरज नाही. दुसऱ्याला देवीच्या दर्शनाची गरज नाही. पुढील लेखकांनी हे दोन आधार एकमेकांत मिसळले आणि त्यामुळे कोणता पुरावा कोणत्या आधाराला लागू पडतो याचे भान राहिले नाही.

सभासदाच्या कथनात या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा भाग आहे. त्याच्याकडे टीकाकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. पंताजी गोपीनाथ वकील म्हणून खानाच्या छावणीत जातो. तेथील मंडळींना द्रव्य देऊन खानाच्या मनातील हेतू काढतो. शिवाजी युद्धात हाती लागणार नाही म्हणून भेटीत धरावयाचा बेत आहे, अशी वार्ता आणतो. पुढे भेटीच्या वेळी खानाबरोबरचा मोठा जमाव दूर ठेवविला जातो. सय्यद बंडाही दूर राहावा, असा आग्रह धरला जातो. वार होण्यापूर्वी धोक्याची खात्री करून घेण्याचा व तो कमी करण्याचा हा प्रयत्न आहे. या भागाला बखरीबाहेरचा दुजोराही मिळतो. राजापूरच्या इंग्रज वखारीतील रेव्हिंग्टन याने १० डिसेंबर १६५९ रोजी, म्हणजे प्रसंगानंतर अवघ्या एका महिन्याने लिहिलेल्या पत्रात, विजापूरच्या राणीनेच खानाला मैत्रीचे सोंग करण्याचा सल्ला दिला होता, असे म्हटले आहे. हे पत्र मराठ्यांच्या बाजूने लिहिलेले नाही. म्हणूनच त्याचे मोल अधिक.

आता या साधनांचा उपयोग टीकाकारांनी कसा केला ते पाहावे. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात पहिला वार महाराजांचा मानला आणि विश्वासघाताचा निर्णय दिला. चिलखत व वाघनख ही त्याच्या दृष्टीने पूर्वनियोजित कपटाची चिन्हे ठरतात. या दोन वस्तूंना एकाच मापाने मोजणे हीच त्याच्या विवेचनातील उणीव आहे. चिलखत कोणाला मारीत नाही. ते घालणारा मनुष्य आघाताची अपेक्षा करतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते. लपविलेले वाघनख मात्र दोन्ही हेतूंना सारखेच जुळते. पूर्वतयारी म्हणजे पूर्वसंकल्पित हत्या, असे समीकरण मांडले तर सावध मनुष्याला आत्मरक्षणाचा अधिकारच उरत नाही.

जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या ग्रंथात साधनांची तुलना करून पहिला वार खानाचा असावा, असा निष्कर्ष काढला. मात्र तो काढताना त्यांनी बर्कचा आधार घेऊन महाराजांच्या कृत्याला प्रतिबंधक हत्या असे नाव दिले. येथे दोन कल्पना एकमेकींशी भांडतात. वार आधीच झाला असेल तर उलट केलेला वार हा प्रतिकार होय, प्रतिबंध नव्हे. आणि तो प्रतिबंध असेल तर पहिला वार कोणाचा हे शोधण्याचे कारण उरत नाही. सरकारांसारख्या काटेकोर संशोधकाच्या लेखणीतून ही संदिग्धता निसटली, याचे कारण त्यांच्या काळापर्यंत प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला जात होता.

या प्रश्नाची मांडणी मुळातून बदलण्याचा धाडसी प्रयत्न लोकमान्य टिळकांनी केला. जून १८९७ मध्ये पुण्यातील शिवाजी उत्सवात प्रा. भानू यांचे या विषयावर व्याख्यान झाले. त्याच प्रसंगी टिळकांनी केलेल्या भाषणाचा वृत्तांत १५ जूनच्या ‘केसरी’त आला. पहिला वार महाराजांचा होता असे गृहीत धरले तरी बिघडत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. थोर पुरुषांची कृत्ये पिनल कोडाच्या किंवा स्मृतींच्या मापाने मोजू नयेत. स्वार्थासाठी नव्हे तर परहितासाठी केलेल्या कृत्याचा दोष लागत नाही. घरात चोर शिरले व त्यांना हाकलण्याचे बळ मनगटात नसले तर त्यांना कोंडून जाळावे, हा त्यांचा दृष्टान्त होता.

‘पहिल्या वारा’च्या फेऱ्यातून चर्चा बाहेर काढली, हे टिळकांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांनी त्याऐवजी जी कसोटी दिली ती हेतूची आहे, प्रसंगाची नाही. निष्कामता ही कर्त्याची शुद्धी सांगते; प्राण घेण्याची वेळ आली आहे किंवा नाही, हे ती सांगू शकत नाही. चोरांच्या दृष्टान्तात हा फरक स्पष्ट दिसतो. छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबादहून) जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर करमाड हे गाव आहे. तेथील एखाद्या एकाकी शेतवस्तीवर रात्री घरफोडे शिरले, अशी कल्पना करावी. आतील मनुष्य कुऱ्हाड उचलतो तेव्हा कायदा त्याच्या विरुद्ध नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये असलेला खाजगी संरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये कायम आहे. रात्रीच्या घरफोडीत तो प्राण घेण्यापर्यंतही पोहोचतो. पण घरमालक निसटून बाहेर आला, दाराला बाहेरून कडी घातली आणि गावातील पोलीस ठाण्याकडे निरोप जाऊ शकतो, अशी स्थिती झाली की त्या घराला आग लावण्याचा अधिकार त्याला नाही. आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करू नये व अधिकाऱ्यांचा आश्रय घेण्यास अवधी असल्यास हा हक्क नाही, या त्याच्या मर्यादा आहेत. टिळकांच्या दृष्टान्तातील घरमालक ज्या क्षणी कडी घालतो, त्याच क्षणी त्याची निकड बव्हंशी संपते.

ज्या कायद्यातून व स्मृतींतून बाहेर पडावे असे टिळक सांगत होते, त्यांतच महाराजांच्या कृत्याचा बळकट आधार होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शारीरिक संरक्षणाचा हक्क प्रत्यक्ष आघाताची वाट पाहत नाही; प्रयत्नातून किंवा धमकीतून धोक्याची वाजवी भीती उत्पन्न झाली की तो सुरू होतो. मनूने आठव्या अध्यायात आततायी चालून आला असता विचार न करता त्याला मारावे असे सांगितले. त्यावरील पुढच्या चर्चेत विज्ञानेश्वराने मिताक्षरेत आततायी ब्राह्मणादिकांच्या संदर्भात एक सूक्ष्म भेद केला: मारण्याच्या हेतूने मारणे निराळे आणि आत्मरक्षणार्थ निवारण करीत असता मृत्यू घडणे निराळे. पुढे ‘गीतारहस्या’त (१९१५) टिळकांनीच अहिंसेच्या अपवादांचा विचार करताना मनूचे हे वचन घेतले व आत्मरक्षणाचे तत्त्व अर्वाचीन फौजदारी कायद्यानेही काही मर्यादांनी मानले आहे, हे नमूद केले. १८९७ मधील वक्ता व १९१५ मधील ग्रंथकार यांच्यातील हे अंतर त्यांच्या विचारविकासाच्या अभ्यासकांनी अवश्य तपासावे.

या भेदाला केवळ तात्त्विक महत्त्व आहे असे नाही. वृत्तांत छापून आल्यावर आठच दिवसांनी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाचा संताप त्यामागे होता, हे खरे. तथापि समारंभाहून गाडीतून परतणाऱ्या माणसाकडून त्या क्षणी कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. टिळकांवर खुनाच्या चिथावणीचा नव्हे, तर राजद्रोहाचा खटला झाला व १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. व्याख्यान आणि गोळी यांचा कार्यकारणभाव जोडणे अन्यायाचे होईल. परंतु केवळ हेतूची कसोटी स्वीकारली तर प्रतापगड व गणेशखिंड यांत भेद करता येत नाही, आणि प्रसंगाची कसोटी लावली तर तो तत्काळ करता येतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ही कसोटी प्रतापगडाला लावली म्हणजे काय दिसते? धोक्याची वाजवी भीती होती. तिला वकिलाने आणलेल्या वार्तेचा आधार होता. विजापूर व महाराज यांच्यावर दाद मागण्याजोगी तिसरी सत्ता नव्हती. करमाडच्या शेतकऱ्याला असलेला ठाण्याचा मार्ग येथे बंद होता. गर्दन बगलेत सापडल्यावर माघार घेण्याचा मार्गही उरत नाही. या तीन गोष्टी मान्य झाल्या की खानाची कट्यार आधी चालली की अर्ध्या पळाने नंतर, या वादावर न्याय्यता अवलंबून राहत नाही. सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडविला, तोही याच न्यायाने, कारण दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण या हक्कात अंतर्भूत आहे.

मात्र हीच कसोटी एका ठिकाणी थांबावयास लावते. जखमी खानाला पालखीतून नेत असता संभाजी कावजीने त्याचे शिर कापले. मागोमाग रानात दबा धरून बसलेल्या फौजा विजापुरी सैन्यावर तुटून पडल्या. आत्मरक्षणाच्या तत्त्वात हे बसत नाही. १९६२ मध्ये जय देव खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. संकटात सापडलेल्या माणसाचा प्रतिकार सोन्याच्या काट्याने तोलू नये. पण धोका टळल्यावर, पळणाऱ्यांवर गोळी झाडण्यास हा हक्क पुरत नाही. प्रतापगडावरील पुढील घटना युद्धाच्या न्यायाने तपासावयाच्या आहेत, आणि त्या न्यायाने त्यांचे समर्थन करता येते. पण शामियान्यातील आत्मरक्षण त्यांच्यावर पांघरणे किंवा त्यांच्यावरून शामियान्यातील क्षणाला कपट म्हणणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या होत.

सभासदाने देवीचे दर्शन, वकिलाची वार्ता, बगलेतील झटापट व रानातील फौजा ही चारही अंगे वेगवेगळी नोंदवून ठेवली आहेत. टीकाकारांनी त्यांचे एकच कृत्य करून त्यावर एकच निर्णय मागितला. त्या अंगांना पुन्हा वेगळे करून प्रत्येकाला त्याचा न्याय लावणे, हे या विषयाच्या अभ्यासकापुढील पहिले काम आहे.