‘माझी मैना’ आणि ‘ची’चं यमक

लोकगीतानं माणसाला उभारी द्यावी की त्याच्या जिण्याची हलाखी मांडावी, हा वाद सुरू झाला की मला अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ आठवते. दोन्ही बाजूंचे लोक तिला आपल्याकडे ओढतात आणि दोघांच्याही हाती ती अर्धीच लागते.

‘माझी मैना’ ही छक्कड. छक्कड हा लावणीच्या घरातला प्रकार. ढोलकी, तुणतुणं, शाहिरानं एका दमात ओतलेले छोटे छोटे तुकडे आणि मागून झीलकऱ्यांनी उचललेलं पालुपद. शृंगारासाठी घडलेला हा साचा अण्णाभाऊंनी दिला कुणाला, तर पोटासाठी बायकोला गावी ठेवून मुंबई गाठणाऱ्या गड्याला. ते स्वतः सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबईला आलेले. ही छक्कड आपण ऐकतो तेव्हा पाय आधी ठेका धरतो, दुःख मागून कळतं.

माझी आवडती जागा निरोपाची. मैना रुसली आहे. तिला हसवायला गडी दागिने कबूल करत सुटतो: कोल्हापुरी साज, शिंदेशाही तोडे, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ. गरिबीनं घराबाहेर काढलेल्या माणसाची ही बोली! ऐपत जितकी कमी तितकी यादी लांब. तोडे यायचे नाहीत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, गड्यालाही असतं आणि मैनेला तर सगळ्यांच्या आधी. म्हणून ऐकणारे हसतात, पण ती हसत नाही. त्या क्षणी गाणं उभारी देतं की रडवतं? मला तरी दोन्ही सोलून वेगळं करता आलेलं नाही.

मग मुंबई. इथेही यादीच. पण आता हाडसन गाडी येते, नायलॉन-जॉर्जेटची तलम साडी येते. आधीच्या वस्तू कबूल केलेल्या होत्या, या समोर दिसणाऱ्या आणि दुसऱ्यांच्या. ठेका तोच, श्वास तोच.

आणि यमकही तेच. तुकड्यामागून तुकडा ‘ची’वर येऊन आपटतो. हा ‘ची’ षष्ठीचा, मालकी सांगणारा प्रत्यय आहे. नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्याला पडणारा प्रश्न, हे कुणाचं, ते कुणाचं, अण्णाभाऊंनी यमकातच बसवून टाकला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या या शाहिराला घोषणा देता येत नव्हत्या असं थोडंच आहे! पण इथे तो घोषणेचं काम व्याकरणाकडून करून घेतो.

शेवटी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ येते आणि मैनेची ताटातूट खंडित मुलखाची होते. हा सांधा काहींना ओढूनताणून जुळवलेला वाटतो. कार्यक्रमांत पुष्कळदा मैनेच्या रूपाचं वर्णन रंगवून गातात आणि इथवर यायच्या आधीच टाळ्या घेऊन थांबतात. मला हे पटत नाही. दागिन्यांच्या आणि मुंबईच्या यादीनं कानाला ‘ची’ची सवय लावलेली असते, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं त्याच वाटेनं येतात. तोडे जसे हाती नाहीत तसा हा मुलूखही नाही. शेवट कापला की उरते ती एक झकास लावणी, बस्स.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. ही चारही नावं त्याच्या बाहेर राहिली.